साताऱ्याच्या डोंगरात एक दिवस ओरिएन्टियरिंग: खरचटणं, मुरगळणं आणि तुमचे बाकीचे प्रश्न

हिवाळ्यात साताऱ्याजवळच्या डोंगरउतारांवर आम्ही काही जण मिळून ओरिएन्टियरिंगचा, म्हणजे नकाशा आणि होकायंत्राने ठिकाणं शोधत पळण्याच्या खेळाचा, एक दिवसाचा सराव ठेवतो. हिल मॅरेथॉन पळणारे येतात, ट्रेकर येतात, एनसीसीची मुलं येतात, कधी अख्खं घरच्या घर येतं. सगळ्यात जास्त विचारलं जातं ते एकच, "लागेल का हो?" म्हणून या पानाचा मोठा भाग त्यालाच दिला आहे.

यात नेमकं करायचं काय असतं?

सुरुवातीला हातात एक नकाशा मिळतो. त्यावर जांभळ्या रंगात एक त्रिकोण, काही क्रमांकाची वर्तुळं आणि शेवटी एकात एक अशी दोन वर्तुळं असतात. त्रिकोणापाशी स्टार्ट, दुहेरी वर्तुळापाशी फिनिश. मधल्या प्रत्येक वर्तुळाच्या बरोबर मध्यभागी जमिनीवर नारिंगी-पांढरा झेंडा लावलेला असतो, त्याला कंट्रोल म्हणतात. कंट्रोल क्रमाने शोधायचे, प्रत्येक ठिकाणी कार्डावर पंच करायचं आणि कमीत कमी वेळात परत यायचं. दोन कंट्रोलच्या मध्ये कुठून जायचं हे कुणीही सांगत नाही. धारेवरून लांबचा वळसा घ्या, नाहीतर ओढ्यात उतरून समोरची सोंड चढा, तो निर्णय तुमचा.

मी राजगडापासून रायरेश्वरापर्यंत भटकलोय. हिल मॅरेथॉनही केलीय. मग यात वेगळं काय?

ट्रेकमध्ये मळलेली वाट असते आणि पुढे वाट माहीत असलेला माणूस असतो. यवतेश्वरच्या घाटात पळताना पायाखाली डांबर असतं. इथे यातलं काहीच नाही. पळतानाच नकाशा वाचायचा, जमीन ओळखायची आणि पाय कुठे टाकायचा तेही बघायचं. दमात कमी पण डोक्याने शांत असलेला माणूस इथे चांगल्या धावपटूला सहज मागे टाकतो. अनुभवी ट्रेकरना एक सवय मात्र सोडावी लागते. पायवाट दिसली की पाय आपोआप तिकडे वळतात, पण गुरांची वाट गुरांना हवी तिथे जाते.

चढाचा हिशोब करायला एक सोपा ठोकताळा आहे. १०० मीटर चढ म्हणजे सपाटीवरचं साधारण एक किलोमीटर जास्तीचं अंतर धरा. त्यामुळे सरळ रेषेत जवळ दिसणारी वाट बऱ्याचदा महागात पडते.

हा फौजी खेळ आहे ना?

सुरुवात तिथूनच झाली. स्वीडन आणि नॉर्वेच्या सैन्यात नकाशावाचनाचा सराव म्हणून हे चालायचं. पुढे अर्न्स्ट किलांडर या स्वीडिश अधिकाऱ्याने १९१९ मध्ये स्टॉकहोमजवळ मोठी स्पर्धा भरवली आणि खेळ सामान्य लोकांत गेला. आंतरराष्ट्रीय महासंघ १९६१ साली स्थापन झाला. त्याच वर्षी साताऱ्यात देशातली पहिली सैनिक शाळा सुरू झाली, हा नुसता योगायोग, पण आम्हाला तो फार आवडतो. घराघरात फौजी असलेलं मिलिटरी अपशिंग्यासारखं गाव ज्या जिल्ह्यात आहे, तिथे नकाशा आणि होकायंत्र कोळून प्यायलेली माणसं शोधायला लांब जावं लागत नाही. आमच्या सरावात नवख्यांना बेअरिंग, म्हणजे होकायंत्राने नेमकी दिशा, घ्यायला शिकवतात ते बहुतेक निवृत्त फौजीच. त्यांच्यापाशी पंधरा मिनिटं बसा, ऑनलाइन व्हिडिओंपेक्षा जास्त हाती लागेल.

नकाशा कसला असतो? मोबाइलवरचा चालणार नाही का?

मोबाइल बंद करून पिशवीत. तो फक्त अडचणीसाठी.

ओरिएन्टियरिंगचा नकाशा साधारण १:१०,००० किंवा १:१५,००० प्रमाणात असतो. पहिल्यात एक सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचे १०० मीटर. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या नेहमीच्या १:५०,००० च्या नकाशात तेवढ्याच जागेत ५०० मीटर मावतात, त्यामुळे लहान ओघळ, एकटा धोंडा, पडकी ताल (दगडी बांध) असलं काही त्यात दिसत नाही. आपल्या खेळाच्या नकाशात तपकिरी रेषा म्हणजे कॉन्टूर (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा), निळं म्हणजे पाणी, काळं म्हणजे खडक, वाटा आणि बांधकाम. पिवळं म्हणजे मोकळं माळरान. गोंधळ होतो तो पांढऱ्या रंगाचा. पांढरं म्हणजे मोकळी जागा असं वाटतं, पण पांढरं म्हणजे सहज पळता येईल असं विरळ जंगल. हिरवा जितका गडद, तितकी झाडी दाट. गडद हिरव्यात शिरलात तर घाणेरी आणि करवंदीच्या जाळ्या हातापायांचे लचके काढतात. अर्ध्याहून जास्त ओरखडे रंग चुकीचा वाचल्यामुळेच होतात असं आमचं निरीक्षण आहे.

होकायंत्र साताऱ्यात नीट चालतं का? कातळात लोह असतं म्हणे.

चालतं. आपल्याकडे खऱ्या उत्तरेत आणि चुंबकीय उत्तरेत एक अंशाचाही फरक नाही, त्यामुळे दुरुस्तीची भानगड नाही. पण आपला काळा कातळ, म्हणजे बेसाल्ट, लोहयुक्त आहे आणि त्याच्या काही खडकांत सुई ओढण्याइतकं चुंबकत्व असतं. होकायंत्र खडकावर टेकवून वाचू नका. उभे राहा, छातीच्या उंचीवर धरा, आणि शंका आली तर दहा पावलं बाजूला जाऊन पुन्हा बघा. मोबाइल, चावी, लोखंडी कडं हेही त्यापासून दूर ठेवा.

जमीन कशी आहे? खरं सांगा.

खडबडीत. वर सडा, म्हणजे डोंगरमाथ्याचं कातळी पठार असतं, तिथे कातळ आणि जांभा, मध्ये मध्ये गवताने झाकलेल्या फटी. सड्याच्या कडेला कातळकडा, म्हणजे नकाशावर जाड काळी रेघ. ती ओलांडायची नसते, फिरूनच जायचं. खाली उतारावर मुरूम आणि घसारा, म्हणजे पायाखालून घसरणारी सुटी खडी. त्याखाली कुरणं, तिथे गुडघाभर वाळकं गवत आणि गवतात लपलेले धोंडे. सगळ्यात खाली ओढे, पाणंदी आणि शेतांचे बांध.

या सगळ्यात फसवी जागा कुठली म्हणाल, तर कुरण. कड्यापाशी प्रत्येक जण सावध असतो, घसाऱ्यावर पाय आपोआप जपून पडतो. कुरण मात्र लांबून गालिच्यासारखं दिसतं, म्हणून लोक वेग धरतात आणि घोटा तिथेच मुरगळतो.

कास पठारावर का घेत नाही? इतकं सुंदर आणि सपाट!

कासवर आम्ही कधीच घेणार नाही. २०१२ मध्ये पश्चिम घाटाला जागतिक वारशाचा दर्जा मिळाला, त्यात महाराष्ट्रातल्या कोयना, चांदोली आणि राधानगरीबरोबर कासही आहे. तिथल्या जांभ्यावर मातीचा थर अगदी पातळ आहे आणि सगळी फुलं त्या थरावर जगतात. हिवाळ्यात पठार रिकामं दिसतं, पण बिया आणि कंद तिथेच असतात. वाट सोडून पळणाऱ्या माणसांच्या बुटांखाली तो थर फार काळ टिकणार नाही. आम्ही गावाची आणि वनखात्याची परवानगी घेऊन खालच्या उतारांवरच कोर्स आखतो, आणि दर वर्षी जागा बदलतो, म्हणजे गवताला उसंत मिळते.

आता मुद्द्याचं. लागतं का?

हो, थोडंफार लागतं. दिवसाअखेर प्रथमोपचाराच्या टेबलाशी येणाऱ्यांत खरचटलेले गुडघे आणि तळहात असतात, कुसळांनी भरलेले मोजे असतात, टाचेचे फोड असतात आणि एखाददुसरा मुरगळलेला घोटा असतो. याहून मोठं क्वचित, पण तयारी त्याचीही असते.

पडण्याचं मूळ कारण बहुतेक वेळा एकच, नजर नकाशावर आणि पाय चालू. म्हणून नवख्यांसाठी आमचा नियम आहे: वाचायचं तर थांबायचं. नकाशा घडी घालून हातात धरा आणि आपण जिथे आहोत त्या जागेवर अंगठा ठेवा. मग पुन्हा बघताना सगळा नकाशा शोधावा लागत नाही, क्षणभर नजर टाकली की पुरतं. दुसरं कारण म्हणजे शेवटचे दोन कंट्रोल. पाय थकलेले, फिनिशचा आवाज ऐकू येतोय, आणि माणूस उतारावर सुसाट सुटतो.

पाय मुरगळला तर तिथल्या तिथे काय करायचं?

आधी बसा. "चालून बघतो, सुटेल" हे लगेच करू नका. साधारणपणे पाऊल आत वळतं आणि घोट्याच्या बाहेरच्या बाजूचे अस्थिबंध ताणले जातात. बुटाची नाडी सैल करा, पण परत यायला चालावं लागणार असेल तर बूट काढू नका. सूज आली की तो पुन्हा चढत नाही.

मग दोन गोष्टी तपासा. घोट्याच्या दोन्ही बाजूंना जी हाडं वर आलेली असतात, त्यांच्या मागच्या कडेवर आणि टोकावर बोटाने दाबा. तसंच पावलाच्या बाहेरच्या कडेला मध्यावर जे हाड लागतं तिथेही दाबा, आणि आतल्या बाजूला पावलाच्या कमानीच्या वरच्या हाडावरही. नेमकं हाडावरच दाबल्यावर कळ आली, किंवा त्या पायावर भार देऊन चार पावलंही टाकता आली नाहीत, तर एक्स-रे काढायचाच. डॉक्टरही हेच निकष वापरतात. अशा वेळी चालत येऊ नका, शिट्टी वाजवा.

हाड दुखत नाही आणि पाऊल टाकता येतंय, तर क्रेप बँडेज बोटांकडून वर गुंडाळा. घट्ट हवं, पण बोटं निळी-गार पडता कामा नयेत. सोप्या वाटेने परत या. टेबलापाशी बर्फ असतो. तो कापडात गुंडाळून १५ ते २० मिनिटं, दर दोन-तीन तासांनी, आणि पाय उशीवर उंच.

पहिले दोन दिवस चोळणं आणि शेकणं दोन्ही बंद. आपल्याकडे घरी गेल्या गेल्या आजी तेल कोमट करते किंवा कुणीतरी पाय चोळून देणाऱ्याकडे घेऊन जातं. माया असते त्यात, पण ताज्या मुरगळीवर जोर लावला की आतला रक्तस्राव आणि सूज वाढते, आणि हाड मोडलेलं असेल तर ते सरकू शकतं. घरच्यांना हे आधीच सांगून ठेवा.

खरचटलं तर हळद लावू का?

जखमेवर हळद, तंबाखू, चुना, माती यांतलं काही नको. भरपूर स्वच्छ पाणी ओता, खडे आणि माती निघेपर्यंत. जखमेच्या आजूबाजूला साबण, मग स्वच्छ गॉज आणि पट्टी. रक्त थांबत नसेल तर कापड ठेवून दहा मिनिटं सलग दाबा. मध्ये मध्ये उचलून बघितलं की धरलेली गुठळी सुटते.

धनुर्वाताचं इंजेक्शन शेवटचं कधी घेतलं ते येण्याआधी घरी विचारा. शेणामातीने माखलेली किंवा खोल जखम असेल आणि पाच वर्षं उलटली असतील, तर पुन्हा घ्यावं लागतं. साध्या स्वच्छ जखमेला दहा वर्षांची मुदत धरतात. गुरं चरणाऱ्या जमिनीवर आपण पळतोय, त्यामुळे हे टाळू नका.

कुसळं आणि काटे?

गुळगुळीत कापडाची पूर्ण लांबीची पँट आणि गेटर (बुटावरून पोटरीपर्यंत चढवायचं आवरण), एवढ्याने बरंच काम होतं. लोकरी किंवा सैल विणीच्या मोज्यात कुसळं शिरतात आणि चालताना पुढे पुढे सरकतात. काटा मोडला तर चिमट्याने ज्या कोनात शिरला त्याच कोनात बाहेर ओढा. बाभळीचा किंवा बोरीचा काटा सांध्याजवळ खोल रुतला असेल तर उकरत बसू नका, दवाखान्यात काढून घ्या. चष्मा नसेल तर साधा पारदर्शक गॉगल घाला. फांदी डोळ्याला लागणं हे वरवर किरकोळ वाटतं, पण डोळा लाल होऊन खुपत राहिला तर त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा.

टाचेला फोड येतात.

नवे बूट घालून येऊ नका. जागा गरम लागायला लागली की तेव्हाच थांबून चिकटपट्टी लावा. आलेला फोड फोडू नका.

साप?

प्रश्न रास्त आहे. या कातळी भागात फुरसं असतं, कुरणात आणि बांधावर घोणस, शिवाय नाग आणि मण्यार. हे चारही विषारी. फुरसं लहान असतं आणि दगडाखाली बसतं, म्हणून चढताना न दिसणाऱ्या खोबणीत हात घालू नका, धोंड्यावर बसण्याआधी आजूबाजूला बघा, आणि उंच गवतात काठीने किंवा पायाने आवाज करत चला. आम्ही कंट्रोल दगडांच्या कपारीत कधीच लावत नाही. झेंडा हात न घालता पंच करता येईल असाच असतो.

चावलाच, तर त्या माणसाला खाली बसवा, धीर द्या. अंगठी, घड्याळ, पैंजण काढा. चावलेला हात किंवा पाय काठीला बांधून स्थिर करा, मोडलेल्या हाडाला बांधतो तसा. करकचून दोरी बांधायची नाही, चिरा द्यायचा नाही, विष चोखायचं नाही, सापाच्या मागे धावायचं नाही. कुठला साप होता हे कळलं नाही तरी चालतं, कारण आपल्याकडचं प्रतिविष या चारही जातींवर एकत्रच चालतं. चालवत आणू नका, उचलून आणा. १०८ ला फोन करा आणि थेट सरकारी रुग्णालय गाठा. मांत्रिकाकडे गेलेली पंधरा मिनिटं परत मिळत नाहीत.

आग्या मोहळ दिसलं तर?

मोहळं कड्याला किंवा मोठ्या झाडाला असतात आणि कोर्स आखताना आम्ही ती टाळतो. तरी सकाळी अत्तर, सेंट मारून येऊ नका, आणि डोंगरात धूर करू नका. माश्या उठल्याच तर हात झाडू नका, तोंड आणि मान कपड्याने झाकून लांब पळत सुटा, जमेल तितकं लांब. नंतर नांगी लगेच काढा, कशी काढता यापेक्षा किती लवकर काढता ते महत्त्वाचं. ओठ-चेहरा सुजला, धाप लागली, चक्कर आली किंवा बरेच डंख झाले, तर रुग्णालय.

ऊन आणि गोळे?

जानेवारीतही अकरानंतर कातळ तापतो आणि वर सावली नसते. दीड-दोन लिटर पाणी स्वतःजवळ हवं. ओआरएसची एक मोठी पुडी एक लिटर पाण्यातच घालायची. अर्ध्या बाटलीत घातली तर क्षारांचं प्रमाण बिघडतं. पोटरीत गोळा आला तर पाय सरळ करून पंजा हळूहळू स्वतःकडे ओढा. माणूस असंबद्ध बोलायला लागला किंवा अडखळायला लागला, तर तो नुसता थकवा समजू नका. सावलीत न्या, अंगावर पाणी ओता, वारा घाला, मदत बोलवा.

वाट चुकलो तर? घाबरायला होतं.

थांबा. नकाशा उत्तरेला धरून फिरवा आणि शेवटी कुठे खात्रीने होतात ते आठवा. शक्य असेल तर तिथेच परत जा. प्रत्येक नकाशावर आम्ही एक सुटकेची दिशा लिहितो, म्हणजे कुठूनही होकायंत्राने त्या दिशेला गेलात की डांबरी रस्ता लागतो. धोक्याची खूण म्हणजे मिनिटाला सहा शिट्ट्या, मग एक मिनिट शांतता, पुन्हा सहा. ऐकणारा तीन शिट्ट्यांनी उत्तर देतो. गुराखी दिसला तर जरूर विचारा. सरावात त्याने गुण कापले जात नाहीत, आणि दादा-मामा म्हणून विचारलंत तर ते स्वतः सोबत येतात.

कुणी दुसरा पडलेला दिसला, पण माझी वेळ चांगली चाललीय...

तुमची धाव तिथे थांबली. जखमीला मदत करणं हा या खेळाचा लिखित नियम आहे, जगभर. मदत करणाऱ्याला आम्ही नंतर पुन्हा धावायची संधी देतो.

अर्ध्यात सोडलं तर थेट घरी गेलं तर चालेल?

नाही, काहीही झालं तरी फिनिशला येऊन नाव सांगून जा. तुम्ही गाडी काढून साताऱ्यात पोहोचलेले असता आणि इकडे माणसं अंधारात टॉर्च घेऊन तुम्हाला शोधत ओढे पालथे घालत असतात. थकलेल्या माणसांनी अंधारात घसाऱ्यावर फिरणं, हा त्या दिवसातला सगळ्यात मोठा धोका असतो.

माझी मुलगी आठवीत आहे. एकटीला पाठवू का?

पहिल्या वेळी जोडीने पाठवा. छोटा कोर्स पाणंदी आणि बांधांच्या कडेने जातो, कड्याच्या बाजूला अजिबात नाही. मुलं नकाशा लवकर शिकतात. फक्त तिला घरी एवढं पक्कं सांगा की लागलं तर लपवायचं नाही. "आई पुढच्या वेळी पाठवणार नाही" या भीतीने मुलं सुजलेला पाय मोज्यात दडवतात, आणि मग दोन दिवसांची मुरगळ महिनाभर चालते.

मुरगळलेल्या पायाने पुन्हा कधी पळू?

तारखेवर ठरवू नका, पायाला विचारा. आधी दुखऱ्या पायावर एकट्याने अर्धा मिनिट तोल सावरता यायला हवा, मग डोळे मिटून. नंतर जिना उतरताना दुखायला नको. मग त्याच पायावर लंगडी घालून बघा. हे सगळं न दुखता जमलं की सपाट मैदानावर हळू पळा, आणि डोंगर सगळ्यात शेवटी. दात घासताना रोज एका पायावर उभं राहायची सवय ठेवा. एकदा मुरगळलेला घोटा पुन्हा मुरगळण्याची शक्यता जास्त असते आणि तोल सुधारला की ती कमी होते. आठवडा झाला तरी सूज उतरली नसेल किंवा घोटा मध्येच निसटल्यासारखा वाटत असेल, तर अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा आणि पुढच्या सरावाला कंट्रोल लावायला आमच्याबरोबर या. नकाशा हातात घेऊन सावकाश चालायचं असतं, आणि त्या कामाला आम्हाला माणसं नेहमीच कमी पडतात.